ही फाइल कधीची? एका नाट्यसंग्रहाच्या प्रकल्प नोंदी, सांगली

३ फेब्रुवारी २०२५

काम हातात आलं. गावभागातल्या एका हौशी नाट्यसंस्थेचा संग्रह आहे: तालमींचे आणि प्रयोगांचे फोटो, कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिमुद्रणं, जाहिरातींचे स्कॅन, हस्तलिखित संहितांची पानं, अलीकडचे व्हिडिओ. हे सगळं बाहेरून जोडायच्या काही हार्ड डिस्क, अखेरच्या घटका मोजणारा एक लॅपटॉप आणि चिवड्याच्या डब्यात ठेवलेली कॅमेऱ्याची कार्डं यांत विखुरलेलं. डब्याला चिवड्याचा वास अजून येतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिला खेळ केला, त्यामुळे ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला इथल्या प्रत्येक संस्थेला काहीतरी करायचंच असतं. यंदा यांचं प्रदर्शन आहे. त्यासाठी यादी हवी: फाइल कोणती, कुठे आहे, केवढी आहे, कधीची आहे आणि तिच्या प्रती किती. नाव, जागा आणि आकार संगणक मुकाट्याने देईल. प्रती शोधायला थोडी मेहनत पडेल. खरी मारामारी तारखेशी होणार हे आजच दिसतंय, कारण लॅपटॉपवरचे निम्मे फोटो एकाच महिन्यातले असल्याचं दिसतं, आणि त्यातले नट मात्र एका फोटोत तिशीतले, तर दुसऱ्यात साठीतले आहेत.

५ फेब्रुवारी

आधी कुणीतरी हे करून पाहिलंय. लॅपटॉपवर एक बॅच फाइल सापडली. ती ‘डिर’ ही फोल्डरमधल्या फाइलींची यादी छापणारी आज्ञा चालवते, तिचं आउटपुट मजकुराच्या फाइलीत टाकते, आणि मग एक छोटी स्क्रिप्ट त्या ओळी रकान्यांत कापते. दिसायला ठीक. पण यादी उघडली तर:

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. ‘डिर’चं आउटपुट फाइलीत वळवलं की ते कन्सोलच्या जुन्या कोडपेजमधून, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यातून जातं, आणि तिथे देवनागरी बसत नाही. नाव गेलं ते गेलंच, प्रश्नचिन्हांवरून परत मिळत नाही.

तारखा ०३-०४ अशा. ‘डिर’ तारीख छापतं ती त्या संगणकावरच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे. एका मशीनवर भारतीय पद्धत होती, दुसऱ्यावर अमेरिकन. त्यामुळे यादीच्या अर्ध्या भागात ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल आणि उरलेल्यात ४ मार्च. कुठला भाग कुठल्या मशीनवरून आला हे यादीत लिहिलेलं नाही. १२ च्या पुढचे दिवस ओळखता येतात, बाकीचे रामभरोसे.

माणसाने वाचायला छापलेला मजकूर प्रोग्रामने पुन्हा वाचून अर्थ लावायचा, हा द्राविडी प्राणायाम आहे. ऑपरेटिंग सिस्टिमकडे तारीख आकड्याच्या रूपात असते. ती तो आकडा माणसासाठी सजवून छापते आणि आपण सजावट खरवडून परत आकडा काढतो. त्यापेक्षा थेट आकडाच मागावा. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा घेतली, आवृत्ती ३.१३. ती बॅच फाइल ठेवून दिली, पुसली नाही. ज्याने केली त्याने निदान सुरुवात तरी केली होती.

६ फेब्रुवारी

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा मदतीला येतोय. हुशार आहे, पण आज त्याने विचारलं, “फाइल उघडायची आणि तारीख वाचायची ना?” इथेच नीट सांगून टाकलं, म्हणजे पुढे गोंधळ नको.

फाइल उघडायची गरजच नाही. ही माहिती फाइलीच्या आत नसतेच. ती फाइलसिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेच्या, दप्तरात असते. शेत वेगळं आणि सातबारा वेगळा. युनिक्समध्ये त्या उताऱ्याला आयनोड म्हणतात. गट नंबर म्हणजे आयनोड क्रमांक. लोक त्या शेताला ‘वडाचं रान’ म्हणतात की ‘खालची पट्टी’, ते उताऱ्यावर नसतं. तसंच फाइलचं नाव आयनोडमध्ये नसतं, ते फोल्डरच्या यादीत असतं. म्हणून एकाच फाइलला दोन नावं असू शकतात. शेतात नांगर फिरला, म्हणजे मजकूर बदलला, की एमटाइम बदलतो. उताऱ्यावर फेरफार झाला, म्हणजे मालक, परवानगी किंवा नावांची संख्या बदलली, की सीटाइम बदलतो. मजकूर बदलला तरी सीटाइम हलतोच, कारण आकार आणि वेळ ह्याही उताऱ्यावरच्याच नोंदी.

पोरगा शेतकऱ्याच्या घरातला. लगेच म्हणाला, “म्हणजे सीटाइम ही फेरफाराची तारीख. खरेदीची नाही.” बरोबर. आणि जगातले निम्मे लोक त्यातल्या ‘सी’चा अर्थ ‘क्रिएशन’ असा लावून बसलेत. ती ‘चेंज’ची ‘सी’ आहे.

मग पायथॉनमधलं ओएस.स्टॅट चालवून दाखवलं. एका हाकेत एवढं मिळतं: एसटी_मोड (फाइल की फोल्डर, आणि परवानग्या), एसटी_आयनो, एसटी_डेव्ह (कुठल्या डिस्कवरची), एसटी_एनलिंक (नावं किती), एसटी_यूआयडी आणि एसटी_जीआयडी (मालक आणि त्याचा गट), एसटी_साइज बाइटमध्ये, आणि तीन वेळा: एटाइम (शेवटचं वाचन), एमटाइम, सीटाइम. वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, जागतिक वेळेत. एखादी तारीख हरवून शून्य झाली की आपल्याकडे ती १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसते. पुढे यादीत पहाटे साडेपाचचे फोटो दिसले की समजायचं, कुणी लवकर उठलेलं नाही.

आता खरी मेख. विंडोजवर पायथॉनचा एसटी_सीटाइम फेरफाराची वेळ देत नाही, फाइल तयार झाल्याची वेळ देतो. तोच शब्द, दोन सिस्टिमवर दोन अर्थ. ३.१२ पासून विंडोजवर एसटी_बर्थटाइम वेगळा मिळतो आणि सीटाइमचा तो जुना अर्थ सोडून द्या असं अधिकृत दस्तऐवजात म्हटलंय. तेव्हा आपला नियम: विंडोजवर बर्थटाइम आणि एमटाइम वाचायचे, सीटाइमला हात लावायचा नाही. लिनक्सवर एमटाइम आणि सीटाइम, आणि जन्माची वेळ लागलीच तर कमांडलाइनवरच्या ‘स्टॅट’कडून. लिनक्सच्या कर्नल ४.११ मध्ये, म्हणजे २०१७ साली, स्टॅटएक्स ही नवी सिस्टिम कॉल आली, तिच्यातून ती मिळते; पण फाइलसिस्टिमने ती जपून ठेवली असेल तरच.

१० फेब्रुवारी

स्कॅनर लिहिला. आधी ओएस.लिस्टडिर आणि मग प्रत्येक नावाला ओएस.स्टॅट, असं पोराने केलं होतं. जुन्या यूएसबी डिस्कवर ते रडतखडत चाललं. ओएस.स्कॅनडिर लावलं आणि फरक लगेच जाणवला. पायथॉन ३.५ पासून ते आहे. विंडोज फोल्डरची यादी देतानाच प्रत्येक नावासोबत आकार आणि वेळा देऊन टाकतं. लिस्टडिर ते सगळं फेकून फक्त नावं ठेवतं आणि आपण पुन्हा एकेक करून तेच मागतो. स्कॅनडिर ते फेकत नाही.

एक गोम आहे. विंडोजवर स्कॅनडिरच्या नोंदीतून मिळालेल्या स्टॅटमध्ये आयनोड क्रमांक, डिस्क क्रमांक आणि लिंकसंख्या कायम शून्य येते. ते हवं असेल तर ओएस.स्टॅटच बोलवावं लागतं. आपल्याला ते फक्त संशयित जोड्यांसाठी लागेल, तिथेच बोलवू.

शॉर्टकट-लिंकांच्या मागे जाऊ नये म्हणून फॉलो_सिमलिंक्स बंद ठेवलं. परवानगी नसलेले फोल्डर आणि मध्येच गायब होणाऱ्या फाइली, दोन्हींसाठी अपवाद पकडून वेगळ्या यादीत टाकतोय. ‘आधी अस्तित्वात आहे का ते विचार, मग स्टॅट कर’ असं लिहायचं नाही. दोन प्रश्नांच्या मध्ये फाइल जाऊ शकते. थेट स्टॅट करायचं. नसेल तर तसं उत्तर येईल.

डिस्क जोडली की ती उघडण्याआधी विंडोजच्या डिस्कपार्टमधून केवळ-वाचन करून घेतोय. लिनक्सवर माउंट करतानाच तसं सांगतोय. लोक उत्साहात फोल्डर उघडून फोटो फिरवतात, आणि काही प्रोग्राम फिरवलेला फोटो न विचारता सेव्ह करतात. एमटाइम गेला की परत आणता येत नाही.

१२ फेब्रुवारी

मोठ्या निळ्या डिस्कची पहिली पूर्ण यादी हाती आली. संस्थेचे जुने रंगमंच व्यवस्थापक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते दुपारी येऊन बसले. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं.

“हा राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग. २००८. मीच पडदा ओढत होतो. आणि तुझा संगणक म्हणतोय २०१९?”

“अण्णा, तो फोटोची तारीख सांगत नाहीये. ही प्रत या डिस्कवर कधी आली ते सांगतोय.”

“मग फोटोची कोण सांगणार?”

हाच प्रश्न आहे. विंडोजमध्ये फाइल एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी केली की नव्या प्रतीची जन्मवेळ नवी लागते, पण बदलाची वेळ मूळ फाइलची तशीच येते. म्हणून यादीत हजारो फाइली अशा आहेत ज्यांचा बदल जन्माच्या कित्येक वर्षं आधी झालाय. पोराला वाटलं डिस्क खराब आहे. उलट, जन्म बदलानंतरचा दिसला की ती कॉपी असल्याची ती चांगली खूण. एकाच डिस्कवर फाइल इकडून तिकडे हलवली तर मात्र जन्मवेळ बदलत नाही.

मग मी या डिस्कवरच्या सगळ्या फाइली जन्मवेळेनुसार लावल्या. जवळपास सगळं ५ ऑगस्ट २०१९ च्या रात्रीचं. अण्णांना तारीख सांगितली तर ते खुर्चीत सरळ बसले. त्या आठवड्यात कृष्णेचं पाणी चढत होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पुढे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या खोलीतला संगणक वर कसा न्यायचा, म्हणून आधी सगळं डिस्कवर घ्या, असं त्या रात्री ठरलं होतं.

जन्मवेळांवरून क्रमही कळतो. आधी हिशेबाच्या फाइली (खजिनदार हजर असणार), मग जाहिराती, मग संहिता, आणि प्रयोगांचे फोटो सगळ्यांत शेवटी. अण्णा पुटपुटले, “नाटकवाल्यांनी आधी हिशेब वाचवले म्हणे!”

आणि शेवटून दुसऱ्या फोल्डरमध्ये गंमत सापडली. एका व्हिडिओचा आकार अगदी बरोबर आहे, पण त्याचा एमटाइमही ५ ऑगस्ट २०१९ चाच, जन्माला चिकटून. बाकी सगळ्यांचे एमटाइम जुने असताना हा एकच नवा का? विंडोज कॉपी सुरू करतानाच नव्या फाइलीसाठी पूर्ण जागा आखून घेतं आणि मूळची बदल-वेळ कॉपी संपल्यावर चिकटवतं. कॉपी मध्येच तुटली तर आकार पूर्ण दिसतो आणि वेळ मात्र कॉपीचीच राहते. फाइल उघडून बघितली: पुढचा भाग ठीक, मागे नुसती शून्यं. अण्णांना विचारलं, त्या रात्री मध्येच काही झालं होतं का. “लाइट गेली की.”

एसटी_साइजवर विसंबलो असतो तर ही फाइल शाबूत म्हणून प्रदर्शनाच्या यादीत गेली असती. नियम वाढवला: जन्म आणि बदल दोन्ही कॉपीच्या रात्रीचे असतील तर फाइल संशयित, आतून तपासायची.

१३ फेब्रुवारी

पोराने एक चाचणी केली आणि चक्रावला. एक फाइल पुसली, लगेच त्याच नावाची नवी बनवली, तर नवीची जन्मवेळ जुनीचीच! विंडोजमध्ये याला टनेलिंग म्हणतात. पंधरा सेकंदांच्या आत त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल आली तर जुनीची जन्मवेळ तिला मिळते. जुने प्रोग्राम सेव्ह करताना नवी फाइल लिहून जुनी पुसून नाव बदलायचे, त्यांच्या सोयीसाठी ही व्यवस्था. आमच्या संग्रहात याने फारसं बिघडत नाही. पण जन्मवेळेचा पुरावा म्हणून वापर करणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं.

१८ फेब्रुवारी

एटाइमचा रकाना काढून टाकला. कोणी फोटो शेवटचा कधी पाहिला हे कळलं तर छान, पण विंडोजने व्हिस्टापासून ती नोंद बराच काळ बंदच ठेवली होती, आणि लिनक्सवर २००९ पासून ‘रिलएटाइम’ असतो, म्हणजे दर वेळी नोंद होत नाही. शिवाय विषाणू तपासणारा प्रोग्राम फिरला की तोही वाचकच. जो आकडा अर्धवट भरला जातो तो रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

कामाच्या प्रती पायथॉनच्या शटिल.कॉपी२ ने करतोय, नुसत्या कॉपीने नाही. कॉपी२ एमटाइम जपतं. जन्मवेळ आणि मालक तेही जपत नाही, म्हणून हे दोन्ही मूळ डिस्कवरून आधी वाचून डेटाबेसमध्ये लिहून मगच कॉपी. क्रम उलटा झाला तर माहिती कायमची जाते.

डेटाबेस एसक्यूलाइट. वेळ पूर्णांकात, नॅनोसेकंदात, एसटी_एमटाइम_एनएस मधून. नुसता एसटी_एमटाइम दशांश अपूर्णांकात येतो आणि आजच्या तारखांना त्याची अचूकता नॅनोसेकंदापर्यंत पोचत नाही. दोनदा वाचलेल्या वेळा ‘समान आहेत का’ विचारताना तो दगा देतो. ६४ बिटांचा पूर्णांक २२६२ सालापर्यंत पुरतो. तोवर संस्थेची नवी समिती काहीतरी बघेल.

२० फेब्रुवारी

चिवड्याच्या डब्यातली कार्डं. त्यांवर फॅट ही जुनी, साधी फाइलसिस्टिम. इथे वेगळंच राज्य.

फॅटमध्ये बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने लिहिली जाते, त्यामुळे सगळे सेकंद सम. विंडोजच्या एनटीएफएस फाइलसिस्टिमच्या डिस्कवरच्या त्याच फोटोशी वेळ ताडून बघितली तर सेकंदाचा फरक पडतो आणि प्रोग्राम म्हणतो ‘वेगळी फाइल’. तुलनेत दोन सेकंदांची सूट ठेवली.

दुसरं, फॅट वेळ लिहितं ती भिंतीवरच्या घड्याळाची, कुठल्या देशाची ते न सांगता. माझं लिनक्स मशीन जागतिक वेळेवर ठेवलेलं आहे. त्याने कार्डावरचे सकाळचे दहा जागतिक वेळेतले दहा समजले, आणि यादीत भारतीय वेळेत ते दुपारचे साडेतीन झाले. म्हणजे १९,८०० सेकंदांचा फरक, अगदी नेमका. नेमका आहे म्हणून दुरुस्त करणं सोपं. पण फक्त फॅट कार्डांनाच लावायचा, एनटीएफएसला नाही. एसटी_डेव्ह वरून डिस्क ओळखून तसा नियम केला.

तिसरं, १ जानेवारी १९८० चे फोटो. फॅटचं कालगणन तिथूनच सुरू होतं, त्याआधीची तारीख त्याला लिहिताच येत नाही. कॅमेऱ्याची आतली बॅटरी संपली की घड्याळ पहिल्या दिवशी जाऊन बसतं. काही कॅमेरे स्वतःच्या उत्पादनाच्या वर्षाच्या १ जानेवारीला जातात, त्यांच्या बाबतीत जास्त सावध, कारण ती तारीख खरी वाटते.

व्हिडिओ मात्र मनासारखे. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून तीन अंकी प्रयोगाचे कॅमेऱ्याने तुकडे केलेत. प्रत्येक तुकड्याचा एमटाइम म्हणजे तो तुकडा बंद झाल्याची वेळ. त्यातून तुकड्याची लांबी वजा केली की तो सुरू झाल्याची वेळ मिळते. दोन तुकड्यांमध्ये फट नसेल तर अंक चालू आहे, फट असेल तर मध्यंतर. एका प्रयोगाचं मध्यंतर पस्तीस मिनिटं निघालं. अण्णा म्हणाले, “चहावाला आलाच नव्हता.”

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. काम बंद. रात्रभर प्रतींची तपासणी चालू ठेवून गेलो.

३ मार्च

नावांचा दिवस. संग्रहात पहिल्या अंकाचे फोटो वेगवेगळ्या डिस्कांवर नीट जुळले. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाचे जुळेनात. फोल्डरचं नाव डोळ्यांना तेच दिसतं: ‘दुसऱ्या अंकाची तालीम’. पायथॉन म्हणतं, वेगळं.

पोराने लांबी मोजली. एका डिस्कवरच्या ‘दुसऱ्या’ची लांबी सात, दुसऱ्या दोन डिस्कवर आठ. गुन्हेगार आहे तो ‘ऱ्य’ मधला ऱ. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं एक चिन्ह आहे, आणि तेच ‘र’ अधिक नुक्ता (खालचा टिंब) असं दोन चिन्हांतही लिहिता येतं. एका सभासदाचा जुना मॅक होता. त्याची एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं जोडाक्षरासारखी फोडूनच साठवायची, म्हणून तिथून आलेल्या नावांत नुक्ता वेगळा. हे युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ चालवून एनएफसी, म्हणजे जोडलेल्या रूपात आणलं की एकत्र येतं. ‘पहिल्या’त ऱ नाही, म्हणून पहिला अंक सुखरूप.

पण तिसरी डिस्क तरीही जुळेना. तिथे ‘र’, हलन्त, मग न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, मग ‘य’. जुन्या कीबोर्डवर ऱ्य असाच टाइप करायचे. हे रूप आणि ऱचं रूप युनिकोडच्या लेखी समान नाही, त्यामुळे नॉर्मलाइझ त्याला हात लावत नाही. स्वतःचा नियम लिहिला: र, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की ऱ आणि हलन्त. फक्त तुलनेपुरता. मूळ नाव डिस्कवर आणि डेटाबेसमध्ये जसं आहे तसंच ठेवायचं. जुळवणीसाठी दुसरा रकाना.

(मराठीत ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘म्हाताऱ्याची’ असे शब्द फाइलींच्या नावांत पदोपदी. हिंदीवाल्यांना ऱ्यचा हा त्रास नाही, म्हणून इंटरनेटवर उत्तरही सहजी मिळत नाही.)

संध्याकाळी दुसरा झटका. विंडोजवरून लिनक्स सर्व्हरवर कॉपी करताना काही फाइली नाकारल्या: नाव फार लांब. विंडोजवर तीच नावं आनंदाने नांदत होती. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे लिनक्सवर मराठी नाव ८५ चिन्हांत संपतं. आणि आमच्या मंडळींनी फोटोच्या नावात नाटक, अंक, ठिकाण, भूमिका, नटाचं नाव आणि ‘डावीकडून तिसरे’ इतकं सगळं लिहिलंय.

नावं कापायला सगळ्यांत आधी मीच विरोध केला. ‘डावीकडून तिसरे’ ही कोणत्याही स्टॅटमधून न मिळणारी माहिती आहे. सर्व्हरवर फाइलला क्रमांकाचं छोटं नाव, आणि पूर्ण नाव डेटाबेसमध्ये. आज बाकी काही झालं नाही.

१० मार्च

कुणी कॉपी केलं ते कळेल का, असं कार्यकारिणीतल्या मावशींनी विचारलं. त्यांना त्या रात्रीच्या लोकांचे आभार मानायचेत. विंडोजवर पायथॉनचा एसटी_यूआयडी शून्यच येतो; मालक बघायचा तर विंडोजच्या सुरक्षा माहितीकडे जावं लागतं, पायविन३२ मधून. गेलो. मालकाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. तो ज्या संगणकावरचा वापरकर्ता होता तो संगणक आता नाही, त्यामुळे क्रमांकाचं नाव करून देणारं कुणी नाही. सगळ्या फाइलींना एकच क्रमांक, म्हणजे एकाच खात्यावरून कॉपी झाली, एवढंच कळतं. फॅटच्या कार्डांवर तर मालक ही कल्पनाच नाही.

मावशींना सांगितलं, अण्णांना विचारा. त्यांनी विचारलं. अण्णांनी पाच नावं सांगितली आणि कोण कोणाची छत्री घेऊन गेला तेही.

१७ मार्च

प्रतींची छाननी झाली. आधी आकार सारखा असलेल्यांचे गट, मग गटात एकाहून अधिक असतील तरच शा-२५६ (फाइलीच्या मजकुराचा ठसा) काढायचा. हॅशलिबमधलं फाइल_डायजेस्ट ३.११ पासून आहे, मोठ्या व्हिडिओंना तुकड्यांत वाचायचं ओझं तेच उचलतं. आकार एकमेव असेल तर ती फाइल वाचायचीच गरज नाही, स्टॅटवर भागतं. वेळ वाचला तो इथेच.

झिपमधल्या फाइलींचं वेगळं दुखणं: पायथॉनच्या झिपफाइलने उलगडलं की बाहेर आलेल्या फाइलीचा एमटाइम उलगडल्याच्या क्षणाचा लागतो. मूळ वेळ झिपच्या आतल्या नोंदीत डेट_टाइम म्हणून असते, ती वाचून ओएस.यूटाइमने परत चिकटवली. तीही फॅटसारखीच, दोन सेकंदांच्या पायरीची आणि बिनदेशाची.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंना सगळ्याच तारखा उतरवून घेतल्याच्या दिवसाच्या, आणि फोटोच्या आतली एक्झिफ माहितीही (कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख वगैरे) गळालेली. मावशींना विनंती: इथून पुढे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

२४ मार्च

तारखेचा रकाना एकच ठेवायचा की अनेक, यावर आज बैठकीत वाद. समितीला प्रदर्शनाच्या पाटीवर एकच तारीख हवी. त्यांचं बरोबर आहे. पण डेटाबेसमध्ये मी चार ठेवल्या आहेत आणि त्या एकत्र करणार नाही: फाइलसिस्टिमने सांगितलेला बदल, फाइलसिस्टिमने सांगितलेला जन्म, फोटोच्या आत कॅमेऱ्याने लिहिलेली तारीख, आणि माणसाने सांगितलेली. प्रत्येकीसोबत ती कुठून आली ते.

कारण स्कॅनचं बघा. १९७८ च्या प्रयोगाचा कृष्णधवल फोटो २०११ मध्ये स्कॅन झाला. आतली तारीख २०११, एमटाइम २०११, जन्म ५ ऑगस्ट २०१९. तिन्ही तारखा खऱ्या आहेत, एकही पाटीवर लावायच्या कामाची नाही. १९७८ हे फक्त अण्णांच्या वहीत आहे, ‘दुसरा प्रयोग, पाऊस, प्रेक्षक कमी’ या ओळीत.

पाटीवर कुठली जायची याचा क्रम ठरला: माणसाची असेल तर ती, नसेल तर कॅमेऱ्याची, घड्याळ पहिल्या जानेवारीला अडकलेलं नसेल तर, तीही नसेल तर एमटाइम, पण मग फक्त वर्ष छापायचं आणि पुढे ‘सुमारे’. जन्मवेळ पाटीवर कधीच नाही. अपवाद एकच, तो मावशींनी सुचवला आणि सगळ्यांना पटला: ५ ऑगस्ट २०१९ च्या रात्री कॉपी झालेल्या फोल्डरांची यादी, जन्मवेळेच्या क्रमाने, स्वतंत्र फलकावर.

२८ मार्च

पाडव्याआधी एवढं झालं: सगळ्या डिस्क आणि कार्डं वाचून झाली, मूळ वस्तू कपाटात बंद. फलकासाठीची यादी छापून दिली, वेळ मिनिटांपर्यंत.

राहिलंय: अर्धवट कॉपी झालेल्या व्हिडिओची मूळ प्रत. पुरात भिजलेल्या संगणकाची हार्ड डिस्क अजून एका सभासदाच्या माळ्यावर आहे असं कळलं. ती चालू करून बघायची नाही, असा निरोप लगेच दिला. मिरजेत डेटा काढून देणारा एकजण आहे, त्याला आधी दाखवू. एप्रिलमध्ये अण्णांच्या उरलेल्या वह्यांचे फोटो काढायचे. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी लावून घ्यायचं.